खिळ्याचं नाव कोणी काढलं

१

"ताई, माझ्या नवऱ्याचं नाव कोणीतरी पळवलंय," वहिनी दारातूनच म्हणाल्या.

मी विमा कंपनीसाठी दाव्यांची चौकशी करते. चोरीला गेलेल्या गाड्या, जळालेली दुकानं, विहिरीत पडलेल्या अंगठ्या हे माझं रोजचं काम, आणि त्यातला बराचसा बनाव असतो. समोरचा माणूस खरं बोलतोय असं वाटलं की मी अस्वस्थ होते, इतकी सवय लागली आहे. पण नाव पळवल्याची तक्रार आजवर माझ्याकडे कुणी आणली नव्हती.

"आत या, बसा, आणि पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

वहिनी आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतात. हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर आहेत. जन्मापासून त्यांना दिसत नाही, पण एकदा ऐकलेला आवाज त्या विसरत नाहीत. जिन्यात मी खोकले तर औषध बदला म्हणून वरून सांगतात. त्यांचा नवरा उन्हाळ्यात गेला. गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं होतं, ते बसवायला चढला आणि कठड्यावरून खाली पडला. कठडा खिळखिळा झाल्याची ओरड आम्ही सगळेच करत होतो. तो पडल्यावर कठडा दुरुस्त झाला.

तो 'बोलका' नावाच्या प्रोग्रॅमवर काम करायचा. बोलका म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो फुकट मिळतो, आणि आतून कसा बनवलाय तेही सगळ्यांसाठी उघडं असतं. कुणीही पाहावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. कुणी वेळ देतं, कुणी देणगी देतं. त्या सगळ्यांचे आभार मानायची त्यांची एक पद्धत आहे. बोलका बंद केला की जाता जाता एक नाव घेतो. "आभार, अमुकतमुक." दर वेळी पुढचं नाव, आणि सगळी झाली की पुन्हा पहिल्यापासून. नावंही खरी नसतात, ज्याने त्याने घेतलेली टोपणनावं असतात.

"ह्यांचं नाव खिळा," वहिनी म्हणाल्या. "चष्मेबहाद्दर झाला की खिळा, त्याच्यामागे रविवारवाला. हे गेल्यापासून मी काम नसतानाही बोलका उघडते आणि बंद करते. नाव यायला वेळ लागतो, पण येतं. काल चष्मेबहाद्दर आला आणि पाठोपाठ थेट रविवारवाला."

"यंत्र आहे, चुकलं असेल."

"मी अख्खी फेरी पुन्हा ऐकली. दुपार गेली त्यात." त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "बोलक्याच्या चुका मला कळतात, ताई. तो एखादा शब्द वेडावाकडा बोलला की मी आतून ओरडायचे, हे हसायचे आणि टाइप करून घ्यायचे. आमचा संसारच तसा चालला होता. ह्या वाढदिवसाला तुला एक गंमत ऐकवतो म्हणाले होते. वाढदिवस आला, हे नव्हते."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला. असल्या वेळी मला काय बोलावं ते सुचत नाही.

"त्या लोकांना फोन केला का?"

"केला. त्यांचा जो मुख्य आहे तो आधी म्हणाला, बघतो. पुन्हा केला तर म्हणाला, वहिनी, जाऊ द्या ना आता. आवाज बदलला होता त्याचा. नातेवाइकांपासून काही लपवताना डॉक्टर बोलतात ना, तसा. रोज ऐकते मी तो आवाज." त्या उठल्या. "लबाडी केलेल्या माणसाचं नाव काढून टाकतात, ताई. ह्यांनी काही केलं होतं का, एवढं मला शोधून द्या. काहीही निघालं तरी मी सोसेन. न कळणं नाही सोसायचं."

२

बोलक्याचं ऑफिस सायकलच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा, आणि जमिनीवर इतक्या वायरी की पाय जपून टाकावा लागत होता. मुख्य माणसाला सगळे 'मालक' म्हणत, कारण ह्या कामाला मालकच नव्हता. पन्नाशीचा, बारीक, नखं कुरतडणारा गृहस्थ. मी कोण हे सांगितल्यावर त्याने दुसऱ्या हाताचीही नखं कुरतडायला घेतली.

"खिळा माणूस कसा होता?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"सरळ. अतिसरळ." इथे तो जरा सैलावला. "एका दुरुस्तीत एकच गोष्ट करायची, हा त्याचा नियम. आम्हाला वैताग यायचा. खुर्ची इकडून तिकडे हलवायची असली तरी हा एका दुरुस्तीत उचलणार आणि दुसऱ्या दुरुस्तीत ठेवणार. मी म्हणायचो, अरे बाबा, एकदम हलव ना. तर म्हणायचा, उद्या कुणाला नुसतं उचलणं नको असलं तर?"

"आणि त्याचं नाव आभारांतून कुणी उचललं?"

त्याने उठून पंखा कमी केला.

"आमच्याकडे काही लपत नाही, ताई," तो शेवटी म्हणाला. "कुठली दुरुस्ती कुणाची, ते कायमचं नोंदलेलं राहतं. जगातला कुणीही पाहू शकतो."

"मग मला दाखवायला काय हरकत आहे?"

हरकत होती, हे त्याच्या कपाळावरच्या घामाने सांगितलं. पण जे जगाला उघडं आहे ते मला नाही म्हणणार कसं? त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक ओळ होती. 'आभारांतून माझं नाव काढलं.' खाली दुरुस्ती लिहिणाऱ्याचं नाव.

खिळा.

"हा माणूस उन्हाळ्यात गेला," मी म्हटलं. "वहिनींना परवापर्यंत नाव ऐकू येत होतं."

"हो."

"म्हणजे मेलेल्या माणसाने येऊन स्वतःचं नाव पुसलं?"

मालकाने कॉम्प्युटर पुन्हा आपल्याकडे वळवला, आणि मी आणखी काही वाचायच्या आत पडदा बंद केला.

३

भुतांवर माझा विश्वास नाही. भुताच्या नावाने स्वतःचं घर पेटवणारा एक इसम मी पकडलेला आहे. कुणीतरी खिळ्याचं नाव वापरलं होतं, एवढं धरून मी शेजारच्या खोलीत शिरले. जाताना मालक मागून म्हणाला की खिळ्याच्या खात्याला तो गेल्यावर लगेच कुलूप घातलंय, त्याच्या नावाने आत शिरणं कुणालाच शक्य नाही. मी न विचारताच म्हणाला, म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

शेजारच्या खोलीत देणगीबाई बसत. देणगीदारांशी पत्रव्यवहार आणि आभारांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. टेबल इतकं नीटनेटकं की हात ठेवायची भीती वाटावी. खिळ्याचं नाव निघताच त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं, आणि ते उचलायला त्या गरजेपेक्षा जास्त वेळ टेबलाखाली राहिल्या.

"एक मोठी कंपनी आमच्या मागे लागलीय," वर येऊन त्या घाईने म्हणाल्या. "भरघोस देते. तिला बोलका दर वेळी बंद होताना आपलंच नाव हवंय. मी नाही म्हटलं. आमच्याकडे पैसेवाला आणि एखादी चूक दाखवणारा एकाच रांगेत उभे असतात."

"मी कंपनीबद्दल विचारलंच नव्हतं."

त्यांचा चेहरा उतरला.

"बरं, रांगेत नाव कसं येतं?" मी वळण बदललं.

"कुणीही सुचवतं, ह्याचे आभार माना म्हणून. पण त्या माणसाला विचारल्याशिवाय आम्ही नाव घेत नाही. आभार नको असणारेही खूप असतात. त्याचा होकार येईपर्यंत ते नाव माझ्या खणात राहतं. खण म्हणजे कॉम्प्युटरमधला. तो फक्त मी उघडते."

"आणि स्वतःचं नाव काढायचं असलं तर?"

"त्याला कुणाला विचारायचं? ज्याचं नाव त्याने काढावं."

"खिळ्याने का काढावं?"

"मला कशाला माहीत असेल? आणि माहीत असलं तरी गेलेल्या माणसाचं काय उकरायचं? त्या बिचारीला अजून त्रास." बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण जरा जास्तच बोललो. मग तोंडाला कुलूप.

इथे पाणी मुरत होतं, नक्कीच. पण दोघांच्या मुरण्याचा वास वेगळा होता. मालक घाबरला होता. ह्या बाई लाजल्या होत्या.

तिसरा राहिला चष्मेबहाद्दर. वहिनी म्हणाल्या होत्या, ह्यांचा सर्वांत जवळचा मित्र, आणि सर्वांत भांडकुदळही. तो दिवसा श्रवणयंत्रं दुरुस्त करण्याच्या दुकानात काम करतो. चष्मा लावत नाही. मी गेले तेव्हा तो भिंगाखाली एक नखाएवढं यंत्र उघडून बसला होता.

"मावशी, तुम्ही येणार हे मालकाने कळवलंय," तो वर न बघता म्हणाला.

"मग काय सांगायचं तेही कळवलं असेल."

त्याने चिमटा खाली ठेवला.

"ते मी केलं," तो म्हणाला.

४

मी स्टूल ओढून बसले. गुन्हेगाराने इतक्या लवकर कबुली दिली की मला ती पटत नाही.

"तो गेल्यावर त्याच्या लिहून ठेवलेल्या दुरुस्त्या तशाच पडून होत्या," चष्मेबहाद्दर सांगू लागला. "तपासून बोलक्यात लावायच्या राहिलेल्या. कुणाचा हात लावायचा धीर होत नव्हता. परवा मी म्हटलं, त्याचे कष्ट वाया का जाऊ द्यायचे? सगळ्या एकदम लावून टाकल्या. एकेक वाचली नाही. त्याचं काम कधी तपासावं लागलं नव्हतं."

"आणि तुझं नाव न लागता त्याचं लागलं?"

"ज्याने लिहिलं त्याचंच नाव राहतं. लावणाऱ्याने स्वतःला पुढे करायचं नाही, ही आमची रीत आहे. नोंदीत दोन तारखा असतात, मावशी. एक लिहिल्याची, एक लावल्याची. लावल्याची परवाची आहे."

"आणि लिहिल्याची?"

समोरच्या यंत्रातून बारीक शीळ वाजत होती, ती त्याने बोटाने दाबून बंद केली.

"तो पडला त्याच्या आदल्या संध्याकाळची."

"त्या संध्याकाळी आमची बैठक होती," तो म्हणाला. "मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. बोलक्याच्या निम्म्या चुका खिळ्याने पकडल्यात, त्याच्यासारखा कान कुणाला नाही, म्हणून त्याला आभारात घेतलं, असं बोललो. तर हा उठून म्हणतो, ते माझं काम नाही. मी म्हटलं, झाली का नम्रता सुरू? तो पुन्हा तेच. मी चिडलो. म्हटलं, एवढं असेल तर काढून टाक नाव, कशाला मिरवतोस? तो गप्प झाला आणि घरी गेला. नाव काढलं. आणि सकाळी..." त्याने डोळे पुसले. "मालकाने तारीख पाहिली, मी पाहिली. वहिनींना काय सांगायचं होतं आम्ही?"

मी दुकानाबाहेर पडले. संशय ज्याच्या पोटापाण्याला लागतो त्याला तो हवा तेव्हा बंद करता येत नाही. खिळ्याचा दावा आमच्याच ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाने पाहिला होता आणि अपघात म्हणून मिटवला होता. टाकीचं झाकण खरंच उडालं होतं. कठडा खरंच खिळखिळा होता. पण आदल्या संध्याकाळी स्वतःचं नाव पुसून टाकणारा माणूस सकाळी कठड्याजवळ जातो, तेव्हा झाकण हे कारण असतं की निमित्त?

कामाच्या वेळेत वहिनींशी बोलायचं तर हॉस्पिटलला फोन लावून नऊ दाबावं लागतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून नऊ दाबलं.

"बोला," वहिनींचा आवाज आला. त्या फोनवर कधीच हॅलो म्हणत नाहीत.

"वहिनी, मी."

"कळलं. तुम्ही जोरात चालून आलाय." मग त्या थांबल्या. मागे कुणाचा तरी दुसरा फोन वाजत राहिला. "ताई, तुम्हाला काहीतरी सापडलंय आणि तुम्ही ते कसं सांगायचं ते ठरवताय."

"तसं काही नाही."

"मग मीच विचारते. ते पडले नाहीत, त्यांनी उडी मारली. असंच ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते गेले त्या दिवसापासून हा प्रश्न मी गिळतेय," त्या अगदी हळू म्हणाल्या. "संध्याकाळी घरी येऊन सांगा. इथे दुसऱ्यांच्या लाईन आहेत."

५

घरी येऊन मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घातल्या. मला राग आला होता. मालकाचा, चष्मेबहाद्दरचा, मेलेल्या खिळ्याचाही. निघायचं तर एखादी चिठ्ठी तरी ठेवावी ना बायकोला? मध्ये येणारी खुर्ची मी उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून तशीच हातात धरून उभी राहिले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली.

मी खुर्ची खाली आपटली, चष्मेबहाद्दरला दुकानातून उठवलं आणि त्याला घेऊन सायकलच्या दुकानावरचा जिना चढले. मालक आणि देणगीबाई दोघंही जागेवर होती. मी दार लावून घेतलं.

"तुम्ही तिघं आणि चौथी मी," मी म्हटलं, "सगळ्यांनी मिळून एका बाईची झोप उडवली आहे. आता माझ्या प्रश्नांची सरळ उत्तरं द्या. मालक, खिळ्याला खुर्ची हलवायची असली तर तो काय करायचा?"

"एका दुरुस्तीत उचलायचा..." मालकाचं नख ओठांवरच राहिलं.

"आणि दुसऱ्या दुरुस्तीत ठेवायचा. तुम्हीच सांगितलंत, आणि उचलणं पाहून तुम्हीच घाबरलात. ठेवणं कुठे आहे, हे कुणी शोधलं का?"

"पण त्याच्या पडून राहिलेल्या सगळ्या दुरुस्त्या मी लावल्या," चष्मेबहाद्दर म्हणाला. "दुसरी असती तर तीही लागली असती."

"सगळ्या लागल्या? की ज्यांना कुणाचा होकार लागत नाही तेवढ्याच? स्वतःचं नाव काढायला कुणाला विचारावं लागत नाही. ती लागली. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं तर त्या माणसाचा होकार येईपर्यंत ते अडून राहतं. आणि ते कुठे राहतं, हे मला इथेच सांगितलं गेलं."

सगळ्यांनी देणगीबाईंकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली.

"आहे," त्या पुटपुटल्या. "माझ्या खणात आहे. त्याच संध्याकाळची."

"आणि तू इतके महिने बोलली नाहीस?" मालक उसळला.

"कशी बोलू? नाव वाचलं आणि मला वेगळंच वाटलं. 'नऊ नंबर' लिहिलंय त्याने. स्वतःच्या जागी. कुठला नऊ नंबर? खोली असते नऊ नंबरची, फ्लॅट असतो. आणि खाली 'तिला' म्हणून लिहिलंय. बायको असलेला माणूस स्वतःचं नाव काढून कुणा नऊ नंबरवालीचं घालतो, त्याचा अर्थ काय घ्यायचा? मी वहिनींचा विचार करून गप्प बसले. पुढचं सगळं वाचायचीही मला लाज वाटली."

माझं हसू मला आवरेना. दिवसभरात पहिल्यांदाच हसत होते, आणि त्या तिघांना मी ठार वेडी वाटले असेन.

"बाई, तुम्ही कधी हॉस्पिटलला फोन लावून ऑपरेटर मागितलाय?" मी विचारलं.

देणगीबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मग आत्ता लावा. आणि नऊ दाबा."

त्यांनी लावला. फोनमधून आलेला "बोला" आम्हाला सगळ्यांना ऐकू गेला. देणगीबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि एक शब्दही न बोलता फोन ठेवून दिला.

"चष्मेबहाद्दर, तू त्या बैठकीत ज्या कानाचं कौतुक केलंस तो खिळ्याचा नव्हता," मी म्हटलं. "तो तेच सांगत होता आणि तू त्याला नम्रता म्हणालास. वहिनी आतून ओरडायच्या आणि तो टाइप करायचा. नाव मात्र त्याचं लागत गेलं. तू काढून टाक म्हणालास, ते त्याला पटलं. घरी जाऊन त्याने नाव काढलं, आणि जिचं होतं तिचं घातलं."

"पण मावशी," तो म्हणाला, "जाता जाता देणं फेडणारी माणसंही असतात."

ह्यालाही संशयाची लागण झाली होती तर. पण प्रश्न रास्त होता, आणि संध्याकाळी वहिनी तोच विचारणार होत्या.

"खण उघडा," मी देणगीबाईंना म्हटलं. "आणि ज्याची लाज वाटली ते शेवटपर्यंत वाचा. नाहीतर नकोच. तुम्ही वाचू नका, मीही नाही. ते आता तिच्यासमोरच वाचायचं."

६

वहिनींच्या घरात चार पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. चष्मेबहाद्दर दाराला टेकून उभा राहिला. त्याचा श्वास ऐकून वहिनी म्हणाल्या, "तू इतके महिने का आला नाहीस रे?" तो वाकून चपला काढायला लागला.

मी सगळं सांगितलं. तारीख लपवली नाही, आमचे संशयही लपवले नाहीत, माझा तर नाहीच. देणगीबाईंचा संशय सांगताना वहिनींच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. मग देणगीबाईंनी खणातली दुरुस्ती वहिनींच्या कॉम्प्युटरवर उघडून दिली.

"कोण वाचणार?" मालकाने विचारलं.

"तोच वाचेल," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी कळ दाबली.

बोलका त्याच्या नेहमीच्या, ना सुखाच्या ना दुःखाच्या आवाजात वाचू लागला. "आभारांत नऊ नंबर हे नाव घातलं. कारण, माझ्या नावावर असलेल्या सगळ्या चुका तिने ऐकल्या. मी फक्त टाइप केल्या. संमती मी स्वतः घेतो. तिला वाढदिवसाला विचारणार आहे, तोवर पत्र पाठवून गंमत घालवू नये. जमल्यास तिचं नाव त्याच दिवशी पहिलं यावं. तेवढं कसं करायचं ते उद्या झाकण बसवून झालं की बघतो. लिहिणारा, खिळा."

वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा कळ दाबली आणि शेवटचं वाक्य तेवढं पुन्हा ऐकलं. झाकण बसवून झालं की बघतो.

आयुष्यभर मी कागद वाचून माणसं खोटी पाडत आले. हा एक कागद मला खरा वाटला, आणि बेचैन वाटलं नाही. चष्मेबहाद्दर दारातच खाली बसला होता आणि लहान मुलासारखा रडत होता. वहिनी उठल्या, चाचपत त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्याही रडत होत्या, पण खांदे सैल सोडून, बऱ्याच दिवसांनी ओझं खाली ठेवल्यासारख्या.

थोड्या वेळाने मालकाने घसा साफ केला. "वहिनी, त्याचं नाव आम्ही परत घालतो. त्याने बाकीचं कितीतरी केलंय. तुमचं आणि त्याचं, दोन्ही शेजारी शेजारी."

"माझं नाव लागलं तर ती दुरुस्ती कुणी लिहिली म्हणून राहील?"

"खिळ्याने. ज्याने लिहिलं त्याचंच राहतं. कायमचं."

"मग तेवढं पुरे," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी स्वतःहून काढलंय, तुम्ही नका घालू. ह्या माणसाला आभार घेता कधी आलेच नाहीत, द्यायला मात्र बघा कसे आले."

"म्हणजे तुमचा होकार आहे?" देणगीबाईंनी विचारलं. त्यांना नियमाप्रमाणे तो ऐकायचाच होता.

"आहे. आणि बाई, एक लिहून घ्या. 'संमती' म्हणताना बोलका मध्येच अडखळतो. मागेही एकदा सांगितलं होतं, ते राहून गेलं."

चष्मेबहाद्दरने डोळे पुसत खिशातून फोन काढला आणि टाइप करायला लागला. "कुणाच्या नावावर घालू, वहिनी?"

"नऊ नंबरच्या," त्या म्हणाल्या.

दोन-तीन दिवसांनी बोलक्याची नवी आवृत्ती आली, आणि वहिनींनी मला वर बोलावून घेतलं. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. त्या प्रोग्रॅम उघडत होत्या आणि बंद करत होत्या, आणि एकामागून एक अनोळखी माणसांचे आभार ऐकू येत होते. मध्येच त्या मोठ्या कंपनीचंही नाव येऊन गेलं, इतरांसारखंच, एकदाच.

"आभार, चष्मेबहाद्दर," बोलका म्हणाला.

वहिनींनी पदराने हात पुसला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

"आभार, नऊ नंबर."

"बोला," वहिनी म्हणाल्या, आणि मान जराशी कलती करून वाट पाहत बसल्या.